जाड अंगाला बसणारं लाइफ जॅकेट: माप घेण्यापासून पाण्यात उतरेपर्यंत

"काकू, श्वास आत घ्या, लागतंय बघा."

तो पोरगा बक्कलची दोन टोकं दोन्ही हातांनी ओढत होता आणि मी पोट आत घेऊन उभी होते. बोटभर अंतर काही केल्या मिटेना. मागं रांगेत पुण्याहून आलेलं कुटुंब, त्यातली दोन पोरं टक लावून बघतायत. शेवटी त्यानं वरचं एक बक्कल लावलं, खालची दोन तशीच लोंबत सोडली आणि म्हणाला, "चालतंय, काय होत नाही."

तशीच मी कोयनेच्या बॅकवॉटरमध्ये अर्धा तास कायाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची अरुंद होडी, मारली. वल्ह्यासाठी हात उचलला की जॅकेट वर सरकायचं आणि फोमची कड हनुवटीखाली घासायची. काठावर आले तेव्हा गळ्याला लाल वळ उठला होता. परतताना कासच्या वळणांवर नवऱ्याला म्हटलं, आपलं हे काम नाही, वजन कमी केल्याशिवाय परत यायचं नाही.

या गोष्टीला चार वर्षं झाली. वजन काही कमी झालं नाही, पण आता दर हिवाळ्यात आम्ही तीन-चार वेळा पाण्यात असतो. मी १०६ किलोची, नवरा १२१. मधल्या काळात दोन जॅकेटं चुकीची घेऊन पैसे घालवले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

१. वजनकाटा बाजूला ठेवा

सगळ्यात मोठा गैरसमज असा, की माणूस जितका जड तितकं तरंगायला जास्त बळ लागतं. आम्हीही दुकानात पहिलं वाक्य हेच बोललो होतो: "वजन जास्त आहे, मोठ्यातलं मोठं दाखवा."

पाण्यात हिशेब वेगळा असतो. चरबी पाण्यापेक्षा हलकी, ती तरंगते. स्नायू आणि हाडं पाण्यापेक्षा जड. म्हणून तालमीतला पिळदार ९० किलोचा पैलवान पाण्यात माझ्यापेक्षा लवकर खाली जातो. शरीराचा बराचसा भार पाणीच उचलतं. जॅकेटला फक्त डोकं आणि तोंड पाण्याच्या वर ठेवायला लागेल तेवढा जोर पुरवायचा असतो. बहुतेक मोठ्या माणसांना तो साधारण तीन ते साडेपाच किलोचा पुरतो.

जॅकेटच्या आतल्या लेबलवर हा जोर न्यूटनमध्ये लिहितात. १० न्यूटन म्हणजे ढोबळमानानं एक किलो. कायाकिंगची साधी जॅकेटं ५० न्यूटनची असतात. त्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात ७० किलोच्या वरच्या सगळ्यांना किमान ५० न्यूटन, असा एकच गट आहे. ७५ किलोचा माणूस आणि १२१ किलोचा माझा नवरा एकाच रांगेत. लेबलवर "७०+" दिसलं की ते आपल्यासाठी नाही असं समजून खाली ठेवू नका.

मग मोठ्या अंगाच्या माणसाला अडचण कशाची येते? बसण्याची. जॅकेट अंगाला घट्ट धरून राहिलं तर ते तुम्हाला उचलतं. सैल असेल तर ते एकटंच वर तरंगतं आणि तुम्ही त्याच्या आत खाली राहता. म्हणून विकत घेताना आकडा बघायचा तो छातीच्या घेराचा.

आमचा पहिला फटका इथंच बसला. ऑनलाइन तक्त्यात किलोनुसार साइज होती, आम्ही दोघांना एकच सगळ्यात मोठी मागवली. मला ती ठीक झाली. नवऱ्याची छाती ४६ इंच, पोट ५१. जॅकेट छातीला ढगळ आणि पोटावर ताठ. खांद्याला धरून उचललं तर थेट कानापर्यंत.

२. माप घ्या, आणि ते टेलरकडून घ्या

स्वतःचं माप स्वतः घेतलं की हात आपोआप टेप आवळतो. मी दोनदा घेतलं, दोन्ही वेळा ४६ आलं. आमच्या गल्लीतल्या टेलरकाकांनी घेतलं तेव्हा ४८ निघालं. त्यांना कारण सांगितलं तर म्हणाले, "पाण्यातला ब्लाउज शिवायचाय होय?" चेष्टा होती, पण पुढं सगळं त्याच भाषेत कळलं, म्हणून मीही इथं तीच वापरते.

तीन मापं लागतात.

छाती: सगळ्यात रुंद भागावरून, टेप पाठीमागं खाली न घसरू देता. बायकांनी पाण्यात जे अंतर्वस्त्र घालणार तेच घालून माप द्यावं. स्पोर्ट्स ब्रा आणि रोजची यांत माझ्या बाबतीत दीड इंचाचा फरक पडला.

पोट: बेंबीवरून, आणि बसून. उभं राहून घेतलेलं माप इथं खोटं बोलतं. कायाकमध्ये आपण बसलेले असतो, आणि बसल्यावर पोट पुढं आणि वर येतं.

धडाची उंची: खुर्चीवर बसून खांद्याच्या शिवणीपासून मांडीपर्यंत. हे कुणीच घेत नाही. जाड माणसाला आराम मिळणार की नाही हे खरं तर याच मापावर ठरतं. कारण पुढं चौथ्या मुद्द्यात येईल.

हे सगळं टी-शर्ट किंवा पूर्ण बाह्यांच्या ड्रायफिटवर घ्या. डिसेंबरात सकाळी शिवसागरवर, म्हणजे कोयनेच्या जलाशयावर, बोचरा वारा असतो, आत एखादा जाड थर येतोच.

३. जात ओळखा

दुकानात सगळ्यालाच "लाइफ जॅकेट" म्हणतात. प्रत्यक्षात चार जाती आहेत.

पहिली, ५० न्यूटनची, जिला बॉयन्सी एड म्हणून विकतात. हात मोकळे, फोम पातळ. वल्ह्यासाठी हीच. पण ती पोहता येणाऱ्यासाठी आहे. शुद्ध हरपली तर ती तुम्हाला उताणं करून तोंड वर ठेवेल याची हमी नाही.

दुसरी, १०० किंवा १५० न्यूटनची, मानेमागं जाड कॉलरवाली. बेशुद्ध माणसाला उताणं करायला हिची रचना असते. वल्हं मारायला मात्र त्रासदायक. पोहता येत नसेल तर तरीही १०० न्यूटनची घ्या, काठाजवळ राहा, आणि पोहायला शिका. माझं माहेर सांगलीचं. भाऊ पाठीला डबा बांधून कृष्णेत शिकला, वडील त्यांच्या वेळी वाळक्या भोपळ्यावर. मुलींना घाटावर धुणं धुण्यापुरतं पाणी. मी चाळिशीत, तलावाच्या उथळ कडेला, सात वर्षांच्या पोरांच्या बॅचमध्ये शिकले. जाड माणूस लवकर तरंगायला शिकतो, हे तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि ते खरं निघालं.

तिसरी, गॅसच्या नळकांडीनं फुगणारी. बारीक दिसते, गरम होत नाही, म्हणून जाड लोकांना मोह होतो. मलाही झाला होता. आपोआप फुगणारी कायाकमध्ये भिजून भलत्या वेळी फुगू शकते, हातानं ओढायची असेल तर घाबरल्या क्षणी दोरी सापडायला हवी, आणि एकदा फुगली की नवी नळकांडी शोधत बसा. नवशिक्यानं या वाटेला जाऊ नये.

चौथी, लाँचवर प्रवाशांना देतात ती नारिंगी, फोमच्या ठोकळ्यांची. बाकावर बसून जाणाऱ्यासाठी ती ठीक. वल्हं मारणाऱ्याला तिचे ठोकळे दंडाला आडवे येतात. माझ्या गळ्यावरचा वळ याच जातीचा.

आणि हो, पोरांच्या रबरी ट्यूब, फुगवायची बनियनं, थर्माकोल भरलेली स्वस्त जाकिटं यांना जातीत धरू नका. थर्माकोल दाबला की कुरकुरतो आणि कालांतरानं त्याचा चुरा होतो. दुकानात जॅकेट कानाशी धरून दाबा. कुरकुर ऐकू आली तर परत ठेवा.

४. कट बघा

जाड माणसाचा आराम इथं आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

लांबी. पोट मोठं असेल तर लांब जॅकेट सगळ्यात वाईट. उभं असताना ते छान बसतं, आरशात बरंही दिसतं. खाली बसलात की मांड्या आणि पोट त्याला खालून ढकलतात आणि ते हनुवटीशी येतं. मग माणूस चेन थोडी उघडतो, मग बक्कल काढतो, मग जॅकेट कायाकच्या मागं ठेवतो. हवं आखूड, बरगड्यांवर संपणारं आणि पोटाला मोकळं सोडणारं. त्याचा खालचा पट्टा पोटाच्या वर, शेवटच्या बरगड्यांभोवती घट्ट बसतो. नवऱ्याला हे पटायला वेळ लागला, कारण पँटचा बेल्ट तो आयुष्यभर पोटाच्या खाली बांधत आलाय.

पाठ. कायाकच्या सीटला पाठटेक असते. जॅकेटच्या पाठीतला फोम कमरेपर्यंत आला तर तो त्या टेकेवर बसतो आणि जॅकेट पुन्हा वर. पाठीचा फोम खांद्याच्या पात्यांपाशी आणि त्याखाली नुसती जाळी, असा कट मिळतो. उंच टेकेच्या सीटसाठी तोच घ्या. उन्हात जाळीतून वाराही लागतो.

मुंडा. ब्लाउजचा मुंडा काचला की दिवसभर जीव कातावतो, इथं तर तासाला शेकडो वेळा हात फिरवायचा असतो. मुंडा खोल आणि रुंद हवा. जाड दंडाला नुसता रुंद मुंडा पुरत नाही, कडेचं कापडही मऊ लागतं, नाहीतर काखेत कातडी सोलते. माझी सोलली होती. घरी आल्यावर दोन दिवस खोबरेल तेल.

पुढचा भाग. छाती भरदार असेल तर पुढं एकच सपाट फोमचा पत्रा असलेलं जॅकेट छातीवर टेकून खालून उघडं राहतं, आणि पाण्यात तिथूनच वर सरकतं. प्रिन्सेस कटच्या ब्लाउजसारखे फोमचे वेगवेगळे तुकडे जोडलेले, वळण घेतलेले असतील तर ते अंगाबरोबर बसतं. "लेडीज" लिहिलेली जॅकेटं अशी असतात, पण त्यांचे मोठे साइज आपल्याकडं क्वचित मिळतात. माझं पुरुषांचंच आहे, फक्त फोमचे तुकडे लहान आणि बिजागरीसारखे दुमडणारे.

खिसे. पुढं मोठे फुगीर खिसे असलेलं घेऊ नका. पाण्यात पडल्यावर कायाकवर पालथं पडून चढावं लागतं, तेव्हा हे खिसे कडेला अडकतात. पोट आधीच आडवं येत असताना आणखी एक अडथळा कशाला?

पट्टे. दोन्ही बाजूंना किमान दोन-दोन आणि खांद्यावर एकेक. जितके पट्टे जास्त, तितकं एकच जॅकेट वेगवेगळ्या आकाराच्या अंगाला जुळवता येतं.

५. दुकानात जाताना काय न्याल

मापांची चिठ्ठी, पाण्यात घालायचे कपडे, सोबत एक माणूस, उचलून बघायला, आणि एक काठी. काठी विसरलात तर दुकानातला झाडू चालतो. मी पुण्याच्या एका दुकानात झाडूनं वीस वल्ही मारली आहेत, कुणी काही म्हटलं नाही.

सातारा-सांगलीत मोठ्या साइजचा साठा सहसा नसतो. फोन करून छातीचा घेर इंचात सांगा आणि ते माप हातात आहे का, ते विचारा. "डबल एक्सेल आहे" या उत्तरावर गाडी काढू नका. एका कंपनीचं डबल एक्सेल दुसरीच्या लार्जएवढं असतं. ऑनलाइन घेणार असाल तर परत घेण्याची अट आधी वाचा आणि पाण्यात घालायच्या आधी घरी पुढची सगळी चाचणी करा. ओलं जॅकेट कुणी परत घेत नाही.

एक सापळा खास आपल्यासाठी. "मॅडम, बेल्ट वाढवून देतो, शंभर रुपये." नको. बक्कल लागेल, पण पुढचा आणि मागचा फोम अंगावर जिथं असायला हवा तिथं राहणार नाही, बाजूला फिरेल. शिवाय घरगुती शिवण ओढ लागल्यावर किती धरेल ते कुणी तपासलेलं नसतं, आणि जॅकेटची मान्यताही अशा फेरफारानं जाते.

किमतीचं म्हणाल तर आमची चुकीची दोन मिळून जितक्याला पडली, त्यात एक बरं आलं असतं.

६. अंगावर चढवून बघण्याचा क्रम

सगळे पट्टे पूर्ण सैल करा. घाला, चेन लावा. मग खालून वर या: आधी बरगड्यांवरचा पट्टा, मग बाजूचे, खांद्याचे सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक आधी खांदे आवळतात आणि जॅकेट तिथूनच वर बसतं.

पट्टे पूर्ण सैल असताना जेमतेम चेन लागत असेल तर ते लहान आहे. सगळे पट्टे टोकापर्यंत ओढूनही बोटं आत जात असतील तर मोठं. मधोमध कुठंतरी घट्ट झालं पाहिजे.

आता जमिनीवर बसा, पाय पुढं पसरा, पाठ भिंतीला टेकवा. पाच मिनिटं तसंच. या पाच मिनिटांत दुकानदार अस्वस्थ होतो, होऊ द्या. छातीभर श्वास घ्या, खोका, हसा. मग काठी घेऊन वीस वल्ही. दंड कुठं घासतो? हनुवटी फोमला लागते? मान वळवून मागं बघता येतं?

शेवटी उभं राहा आणि सोबतच्या माणसाला दोन्ही खांद्याच्या पट्ट्यांना धरून जोरात वर ओढायला सांगा. जॅकेट इंच-दोन इंच हललं तर ठीक. हनुवटीच्या वर गेलं, नाकाशी आलं, तर काढून ठेवा, कितीही आरामदायक वाटलं तरी. पोट गोल आणि कंबर नसलेल्या अंगावर सगळं बरोबर करूनही थोडं सरकतं. अशांसाठी मांड्यांमधून जाणारा पट्टा जोडता येणारी जॅकेटं मिळतात. नवऱ्याचं तसं आहे. दिसायला लंगोटासारखं दिसतं, त्याला आता लाज वाटत नाही.

७. पाण्यातली परीक्षा

पहिल्यांदा थेट धरणावर जाऊ नका. पोहण्याच्या तलावात आधी विचारून, कमी गर्दीच्या वेळी, छातीभर पाण्यात. गुडघे वर घ्या, मान मागं टाका, हात सैल सोडा. हनुवटी पाण्याच्या वर राहून सहज श्वास घेता आला पाहिजे. जॅकेट कानाशी आलं तर पट्टे आवळून पुन्हा. नंतर जॅकेटसकट पंधरा-वीस हात पोहून बघा.

दुसरी परीक्षा काठाजवळ, कंबरभर पाण्यात, कायाकसह. मुद्दाम पडा आणि चढा. वर उघडी, बसकी कायाक असेल तर कडेला आडवं धरून, पाय मारत पोट वर आणायचं, पालथं पडायचं, मग वळून बसायचं. पहिल्या दिवशी मला सहा प्रयत्न लागले आणि नवऱ्यानं कायाक दोनदा स्वतःवर पालथी घेतली. हे काठावर झालेलं बरं. शिवसागर जलाशय जवळपास ५० किलोमीटर पसरलाय, समोरचा डोंगर हाताशी वाटतो आणि तासभर वल्हं मारलं तरी तिथंच असतो.

कायाकवर किती किलो चालतात तेही बघा. त्या आकड्याच्या काठावर बसू नका. सामान आणि ओले कपडे त्यात धरा.

८. जॅकेट कुठं उपयोगाचं नाही

हे थोडक्यात. सांगली बाजूला कृष्णेत मगरी आहेत, भिलवडी-औदुंबर परिसरात तर विशेष. तिथं हौसेची कायाक नकोच. बंधारे: म्हैसाळसारख्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पाणी पडत असतं तेव्हा खाली भोवरा तयार होतो, आणि तो जॅकेट घातलेल्या माणसालाही धरून ठेवतो. पावसाळ्यात तर कुठंच नाही. २०१९च्या पुरात ब्रह्मनाळला बोट उलटली तेव्हापासून आमच्या माहेरी पाण्याची चेष्टा कुणी करत नाही.

नवशिक्यांनी शिवसागरकाठच्या बामणोली, तापोळा, मुनावळे या बाजूला, चालू बोट क्लबच्या नजरेच्या टप्प्यात, सकाळी लवकर. दुपारी वारा सुटला की परतीचं वल्हं दुप्पट लागतं. स्वतःची कायाक उतरवायची असेल तर परवानगीचं तिथंच आधी विचारा. पलीकडं वासोट्याच्या बाजूला कोयना अभयारण्य लागतं आणि तिथं वन खात्याचे नियम आहेत.

स्वतःचं जॅकेट नेलंत तर क्लबचे लोक कधी कधी "आमचंच घाला" म्हणतात. लेबल दाखवा. मी लेबलचा फोटो फोनमध्येच ठेवते, कारण पाण्यानं आतली अक्षरं पुसट होतात.

९. घरी आल्यावर

साध्या पाण्यानं धुऊन सावलीत, रुंद हँगरवर वाळवा. उन्हात रंग उडतो आणि कापड कुजतं. गाडीच्या डिकीत मे महिनाभर ठेवू नका. त्यावर बसू नका, झोपू नका. दबलेला फोम पूर्वीसारखा फुगत नाही. आणि माळ्यावर तर अजिबात नको. नवऱ्याचं पहिलं जॅकेट, ते कानापर्यंत जाणारं, आम्ही कुणाला तरी देऊ म्हणून माळ्यावर टाकलं होतं. दिवाळीच्या आवराआवरीत काढलं तर उंदरांनी खांद्याचे दोन्ही पट्टे कुरतडलेले आणि फोमच्या पोकळीत गोधडीच्या चिंध्यांचं घरटं.